मागं बघू नगा, पावणं

ही घटना अक्षरशः खरी आहे. हिंदुरावांनी ती कुलदैवताची शपथ घेऊन सांगितली.

तंबाखू सोडल्याचंही त्यांनी त्याच दैवताची शपथ घेऊन सांगितलं होतं. तरीही ही खरी आहे.

गेल्या वर्षीचा श्रावण. पाटण ते कोयनानगर रस्ता. वेळ दुपारची... भुताला न शोभणारी. पण त्या दिवशी ढगच रस्त्यावर उतरले होते आणि भर दुपारी गाड्या दिवे लावून चालल्या होत्या.

हृदयात स्टेंट बसल्यावर वर्षभरात हिंदुरावांना मिरज ते कोयनानगर सायकलवर जायची हुक्की आली. पत्नी संयोगितानं एकाच अटीवर होकार दिला. साडू अमृतराव, फौजेतून निवृत्त, कायम त्यांच्या मागे राहतील.

"आक्का, बॉर्डर राखलीया म्यां," अमृतराव म्हणाले. "पावण्यास्नी सोडतोय व्हय?"

त्यांनी मधूनमधून दोनदा घंटी वाजवायची, असं ठरलं. म्हणजे, मी आहे.

"आन् मागं बघू नगा, पावणं. तोल जातोय."

पाटण सुटलं आणि वारा समोरून आला. पाऊस आडवा. पायडल फिरेना. छाती भरून आली.

मागे ट्रिंग ट्रिंग.

हिंदुरावांना धीर आला.

एक पिकअप हॉर्न देत शेजारून गेली. त्यांनी सौजन्यानं बाजू दिली.

मग मागचा आवाज बदलला.

म्हणजे... आवाजच राहिला नाही. अमृतरावांची चेन कुरकुरायची, ती थांबली. त्यांचं खाकरणं थांबलं. ओल्या रस्त्यावर टायर सरसरतं, तेही नाही.

"अमृतराव?"

...ट्रिंग ट्रिंग.

चढ लागला. छातीत कळ उठली. हिंदुराव सायकलवरून कोसळणार, तोच पाठीवर तळवा टेकला.

थंड. रेनकोटातून, शर्टातून थेट कातडीला लागणारा.

आणि सायकल चढू लागली.

दमलेल्या गड्याला सायकलवाले असंच ढकलतात. 

"अमृतराव, सख्खा भाऊ करणार न्हाई एवढं!" हिंदुराव वाऱ्यात ओरडले. "सासऱ्यानं तुमाला माझ्यापरीस जड अंगठी घातली, ते बी आज माफ!"

तळवा क्षणभर थबकला...

मग पुन्हा ढकलू लागला.

कोयनानगरच्या अलीकडे टपरीचा दिवा दिसला. तळवा सुटला. हिंदुराव धापा टाकत आत शिरले.

आत अमृतराव बसले होते.

कोरडे. समोर कांदाभजी. कानाला फोन.

"व्हय आक्का... माझ्या म्होरंच हायत की. ढकलतोय न्हवं मी!"

मग त्यांनी मान वर केली. फोन ठेवला.

"पिकअप गावली पाटणाच्या भाईर," ते म्हणाले. "हाक मारली, तुमी वळलाच न्हाईसा."

"मागं बघू नगा म्हणालं कोण?"

अमृतरावांनी एक भजं उचललं.

"मग मला ढकललं कुणी?"

अमृतरावांनी भजं चावत विचार केला. "उतार असंल."

टपरीवाल्या शालूबाईंनी हिंदुरावांचा रेनकोट झटकायला घेतला आणि तशाच थांबल्या.

"आवं... हे काय?"

पाठ सगळी निथळत होती. मधली एक जागा सोडून. तिथं पाचही बोटांसकट एक तळवा... कोरडा ठणठणीत.

अमृतरावांनी आपला पंजा लावून पाहिला. त्यांची बोटं चारी बाजूंनी बाहेर उरली. त्यांनी हात झटकन काढला आणि पँटला पुसला.

तो हात कुणाचा, हे हिंदुरावांना आजही कळलेलं नाही. भिंतीला पाठ लावल्याशिवाय ते बसत नाहीत. पण झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीनं. तो हात नसता तर ते त्या चढावर पडले असते, आणि तेव्हाही अमृतराव फोनवर त्यांना ढकलतच असते.

संयोगितानं ऐकून घेतलं. म्हणाली, गोळ्यांनी भास होतात. ढकललं अमृतरावांनीच, मी माझ्या कानानं ऐकलंय.

पुढच्या आठवड्यात कडेगावला, सासुरवाडीत, सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ.

सत्कारमूर्ती अमृतराव होते.