चुना न धरणारा खांब

“दगड गेला! रोमन रस्त्यावरचा मैलाचा दगड!” झिसिस टेकडीवरून ओरडतच खाली आला. “झुडपात नुसता खड्डा उरलाय!”

अर्गिरो चर्चच्या अंगणात धावली. त्या जुन्या रस्त्याची राखण तिच्या बाबांकडे होती. थेसलोनिकीहून आलेल्या पुरातत्त्व खात्याच्या बाई त्यांना फैलावर घेत होत्या.

“अहो लाझारोस, माणसाएवढा, खांबासारखा संगमरवरी दगड नाहीसा होतो आणि तुम्हाला पत्ता नाही? संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर मला वर कळवावं लागेल. मग नोकरी राहणार नाही!”

बाबा खाली मान घालून रस्त्याकडे वळले.

“जाऊ दे ना!” झिसिसची बहीण थोमाई अर्गिरोच्या कानात कुजबुजली. “नोकरी गेली की तुम्ही शहरात आमच्या शेजारी याल. आपण तिघं एका शाळेत!”

अर्गिरोने शहराच्या दिशेला पाहिलं. गावात तिच्या वयाचं कुणीच नव्हतं. शाळा कधीच बंद पडली होती. ही मावसभावंडं संत पौलाच्या सणाला चार दिवस येत. एरवी ती तळ्याकाठी एकटीच पाण्यावर चपटे दगड उडवत बसे.

ती चर्चच्या पायरीवर टेकली. सणासाठी झाडांचे बुंधे, पायऱ्या, अंगणातले सिमेंटचे खांब, सगळ्यांना कालच चुना फासला होता. पण शेवटच्या खांबावरून पापुद्रे गळत होते! तिने बोट लावलं. चुना भुगा होऊन निघाला. बाकीच्या खांबांवर तो घट्ट होता. खडबडीत सिमेंट चुना धरतं. गुळगुळीत संगमरवर धरत नाही.

तिला सगळं कळलं. तरी ती बसून राहिली. थोमाईची तीळ लावलेली पावाची कडी खाऊन संपली, तरीही. पलीकडे बाबा रोजच्यासारखे रस्त्यातलं काटेरी गवत उपटत होते. आज बघायला कुणी नव्हतं, तरी प्रत्येक फटीतलं.

अर्गिरो उठली. “झिसिस, इकडे ये. पटकन!”

“ए पोरांनो, खांबांना हात लावाल तर याद राखा!” सरपंच गरजले. “दुपारी बिशप येताहेत!”

“नाही काका,” झिसिस साळसूदपणे म्हणाला. “तुळशीच्या कुंड्यांना पाणी घालतोय.”

“शाबास!”

दोन पावलांवर त्याला ठेच लागली. निदान तसं दिसलं खरं! अख्खी बादली शेवटच्या खांबावर!

“अरे गाढवा!” सरपंच धावले. पांढरे ओघळ उतरले आणि खालून कोरीव ग्रीक अक्षरं वर आली.

“हाच तो!” बाई किंचाळल्याच.

“अहो, एक खांब कमी पडत होता,” सरपंच चाचरले. “हा पालथा पडला होता, मी ट्रॅक्टरनं आणवला. अक्षरं मातीनं बुजलेली, मला काय ठाऊक!”

“लाझारोस, मला माफ करा,” बाई म्हणाल्या. “आणि चुन्याचं कुणी ओळखलं?” झिसिसने अर्गिरोकडे बोट दाखवलं. “तू? वा! मोठमोठ्यांना सुचलं नसतं!” चर्चमधून बाहेर आलेल्या पाद्रीबाबांनीही अर्गिरोच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून थोमाईने विचारलं, “तू आधीच ओळखलं होतंस ना? पायरीवर बसलेली असताना?”

“हो.”

थोमाईने तिचा हात घट्ट धरला. बस हलली, तसा तो सुटला.

“आता करमणार नाही ना तुला?” बाबांनी विचारलं.

“नाही करमणार,” अर्गिरो म्हणाली.

बाबांनी समजूत घातली नाही. धूळ खाली बसेपर्यंत ते तिच्याजवळ उभे राहिले.