बारा खाटांचं गाऱ्हाणं

तारीख मोकळी आहे. तुमच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मी आनंदानं करीन. फक्त हॉल दुसरा बघा. तो फाट्यावरचा हॉल असेल, तर माझ्याकडून नाही व्हायचं.

कारण विचारताय म्हणून सांगतो. लाईट गेलीय, ती आल्याशिवाय नमुन्याच्या शूटिंगचा तुमचा पेनड्राईव्हही भरायचा नाही. चहा सांगितलाय. उकडेल जरा, पण बसा.

दुसऱ्या लाटेतला मे महिना होता. आमच्या धंद्याचा तर बोऱ्याच वाजला होता. पंचवीस माणसांत, दोन तासांत लग्नं उरकत होती, आणि शूटिंग कुणाचा तरी भाचा मोबाईलवर करत होता. मी घरी बसून लेन्स पुसायचो. घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. आम्ही मूळचे दाभोळचे. वडील बोटीवर होते, ते गेले तेव्हा मी दहावीत होतो. पुढं आईनं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली आणि त्यातून मला पहिला कॅमेरा घेऊन दिला. आवडाबाई म्हटलं की दाभोळच्या धक्क्यावर अजून लोक ओळखतात तिला.

त्या आईला कोविड झाला. मोठ्या हॉस्पिटलात जागा नव्हती. फाट्यावरच्या त्या हॉलमध्ये बारा खाटा टाकून वॉर्ड केला होता, तिथं तिला सात नंबरची खाट मिळाली. नातेवाइकांना आत बंदी. दोन दिवस मी गेटबाहेर आंब्याखाली उभा राहून काढले. ऑक्सिजन ब्याऐंशी आहे, एवढं एक वाक्य दिवसातून एकदा कळायचं. तेही वॉचमनकडून.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मृणाली नावाच्या मुंबईच्या बाई. लॉकडाऊनमधल्या हॉस्पिटलांवर त्या माहितीपट करत होत्या. जिल्हाबंदीमुळे त्यांना येता येत नव्हतं, म्हणून इथला कॅमेरावाला हवा होता. परवानगीचा कागद त्यांच्याकडे तयार होता. आत जावं लागेल, धोका आहे, असं त्या घाबरत घाबरत सांगत होत्या, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं. बाईंना वाटलं, मला सिनेमाची आवड आहे.

त्या हॉलमध्ये मी दोनशे तरी लग्नं केली असतील. कुठल्या खिडकीतून दुपारी चांगला उजेड येतो, कुठला पंखा कुरकुरतो, सगळं पाठ. आता खाली दहा खाटा होत्या आणि स्टेजवर दोन, नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथं. मागच्या पडद्यावर थर्माकोलची 'शुभविवाह' ही अक्षरं तशीच होती. काढायला कुणाला वेळ नव्हता. फिनेलचा वास दारापर्यंत यायचा. आत गेल्यावर मास्कमध्ये स्वतःच्याच श्वासाचा वास, दुसरा कुठलाही नाही.

किट घालायची जागा पंगतीच्या हॉलमध्ये. पांढरा झगा, टोपी, गॉगल, दोन दोन हातमोजे. मोजे काढले की बोटांना पांढरी भुकटी लागलेली असायची. जिथं हात लावाल तिथं पाच बोटं उमटायची. आत सगळे सारखेच दिसत, म्हणून मनिषा सिस्टर मार्करनं प्रत्येकाच्या पाठीवर नाव लिहायच्या. माझं नाव त्यांनी एकदाही लिहिलं नाही. 'कॅमेरा' एवढंच लिहायच्या. "लांबून कळायला नको?" म्हणायच्या.

डॉक्टरांची अट होती: दुपारी दोन ते चार, पेशंटला हात लावायचा नाही, आईजवळ थांबायचं नाही. मग मी तिला लेन्समधून बघायचो. झूम करून तिची छाती वरखाली होतेय का ते बघायचो. शूटिंगच्या नावाखाली मी तेवढंच करत होतो म्हटलं तरी चालेल.

मृणालीबाईंचीही एक अट होती. पहिल्या दोन दिवसांचं शूटिंग बघून त्यांनी मला फोनवर चांगलं फैलावर घेतलं. जन्माची सवय हो आमची! लग्नात "काका, जरा सरका", "वहिनी, इकडे बघा" केल्याशिवाय फोटो होत नाही. इथंही माझ्या तोंडून तेच जात होतं. त्या म्हणाल्या, "स्वरूप, कॅमेऱ्यामागच्या माणसाचा आवाज टेपवर येता कामा नये. हूं नाही की चूं नाही. समोर काहीही होऊ दे." ते मी मनाशी पक्कं धरलं. काम गेलं असतं तर माझं आत जाणंही गेलं असतं.

स्टेजवरच्या बारा नंबरला महिपत म्हणून एक म्हातारे होते. राजापूरकडचे, शेतकरी. चाळीस वर्षं गावच्या शिमग्याचं गाऱ्हाणं तेच घालत. नाकात नळी होती, पण आवाज अजून देवळातला. शूटिंगच्या पाचव्या दिवशी मी कॅमेरा लावत होतो, तर त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं.

"पोरा, मी आज हितं गाऱ्हानं घालनार हाय. बारा जनांचं. तू व्हय म्हन."

मी मानेनं नाही म्हटलं, कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"दुसरं कोन म्हनंल? ह्येंच्या तोंडाला मास्क हायत, सिस्टरला उसंत नाय. गाऱ्हान्याला व्हय म्हनाया मानूस लागतो. नायतर ते टांगून ऱ्हातं, देवाकडं जात नाय." मग जरा थांबून, दम घेऊन म्हणाले, "पन एक सांगून ठेवतो. व्हय म्हननारा बांधील ऱ्हातो बरं काय. उगाच म्हनू नको."

आमच्या बाजूला हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकानं देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. लहानपणी मी स्वतः बेंबीच्या देठापासून ओरडलोय. पण त्या दुपारी मला बाईंचं फैलावर घेणं आठवलं, आणि खरं सांगायचं तर 'बांधील' हा शब्दही जरा टोचला. मी दाराजवळ जाऊन कॅमेरा स्टँडवर लावला. उजवीकडे स्टेज, डाव्या कडेला आईची खाट, असा सगळा हॉल एका फ्रेममध्ये धरला आणि बटण दाबलं. गॉगलवर वाफ धरली होती. समोरचं सगळं धुक्यातलं.

महिपत उठून बसले, हात जोडले.

"हे बा देवा म्हाराजा… बारा वाडीच्या, बारा वेशीच्या म्हाराजा… आज ही तुजी बारा लेकरं घरदार सोडून परक्या मांडवात येऊन पडल्यात. त्येंच्यावर तुजी नजर ऱ्हाऊंदे रे म्हाराजा…"

आणि थांबले. ऑक्सिजनची यंत्रं फुसफुसत होती. पंखा कुरकुरत होता. माझी जीभ टाळ्याला लागली, पण मी ओठ घट्ट मिटले. दर वाक्यानंतर होकाराला जेवढा वेळ द्यायचा असतो तेवढा त्यांनी दिला.

"त्येंचा दम कोंडलाय, वाट अडल्ये. जे काय वाईटवाकडं आसंल ते सात समिंदरापलीकडं जाऊंदे रे म्हाराजा…"

पुन्हा थांबले. आईच्या खाटेशी कुणीतरी पांढऱ्या किटमध्ये उभं होतं. सिस्टर असणार. मी गप्प.

"आनि ह्येच्या बदल्यात…"

तेवढ्यात कुठल्याशा यंत्राचा गजर झाला. टीं टीं टीं. म्हाताऱ्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू आला नाही. गजर थांबला तेव्हा त्यांचं सांगून झालं होतं. ते वाट बघत होते. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी मान डोलावली, हसले आणि आडवे झाले. मला वाटलं, थकले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बारा नंबरवर नवी चादर होती. पहाटे गेले म्हणाले. मला फार लाज वाटली. मरणाऱ्या माणसानं माझ्याकडे एक शब्द मागितला आणि तो मी एका फोनच्या भीतीनं दिला नाही. त्या दिवशी मी शूटिंग केलं नाही, नुसता कॅमेरा धरून उभा राहिलो.

पण त्याच संध्याकाळपासून आईचा ऑक्सिजन चढायला लागला. शहाऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव. नुसता तिचा नाही. दोन नंबरचा मुलगा, नऊ नंबरच्या सगुणा मावशी, ज्यांची आशा सोडली होती तेसुद्धा. पंधरा दिवसांत त्या बारांपैकी अकराजण आपल्या पायांनी चालत घरी गेले. डॉक्टर म्हणाले, औषधं वेळेवर मिळाली. मिळाली असतील.

त्या दुपारचं शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवून मी न बघताच मुंबईला पाठवलं होतं. मृणालीबाईंचा फोन आला. शॉट फार आवडला म्हणाल्या. "फक्त, पुन्हा तुमचा आवाज आलाय, स्वरूप. पण या वेळी राहू दे. छान वाटतंय ते तीनदा म्हटलेलं."

मी म्हटलं, बाई, मी तोंडही उघडलं नाही. त्यांना वाटलं मी घाबरून नाकारतोय.

आई घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी तिला पेज भरवत होतो.

"तू व्हतास म्हनून वाचले रे मी," ती म्हणाली. "म्हातारा गाऱ्हानं घालत व्हता नि तू माज्या उशाशी हुबा ऱ्हाऊन व्हय म्हाराजा म्हनलास. कपाळावर हात ठेवलास. काय थंड हात तुजा…"

"आये, मी दाराशी होतो. कॅमेऱ्याजवळ."

"मी काय आंधळी हाय? चौथी शिकल्ये मी. तू वळलास तवा पाठीवर नाव वाचलं. सरूप."

त्या संध्याकाळी मी मूळ फाईल उघडली. डाव्या कडेला, आईच्या खाटेशी, पाठमोरं पांढरं किट. पाठीवर मार्करनं 'स्वरूप'. मनिषा सिस्टरचं अक्षर मला ओळखता येतं. ते त्यांचं नव्हतं. ते माझं होतं. एक हात आईच्या कपाळावर, मोज्याशिवाय. पहिल्या वाक्यानंतर आवाज येतो, "व्हय म्हाराजा." दुसऱ्यानंतर येतो. गजर थांबतो, आणि तिसऱ्यांदा येतो, आधीच्या दोन्हींपेक्षा ठासून. आवाज माझाच आहे. स्वतःचा आवाज टेपवर परका वाटतो म्हणतात. मला नाही वाटला.

गजराखालचं ते वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. बाईंनीही मुंबईत ते साफ करून बघितलं. काही हाती लागलं नाही. माझ्या नावानं कुणीतरी कशाला तरी होकार दिलाय, आणि कशाला ते मला ठाऊक नाही. बांधील मात्र मीच.

एकदा आईलाच विचारलं. माझ्यापेक्षा तिची खाट स्टेजला जवळ होती, तिनं ऐकलं असणार. "म्हातारबाबा बदल्यात काय देतो म्हणाले गं?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तूच व्हय म्हनलास ना? मग मला कशाला इचारतोस?" आणि उठून भांडी घासायला गेली. चार वर्षं झाली, त्यावर ती एक अक्षर बोलत नाही. तब्येत ठणठणीत आहे. फक्त दुपारी झोपताना दाराची कडी लावत नाही. मी रागावतो, चोराचिलटांचे दिवस आहेत म्हणतो. ती नुसती हूं म्हणते.

मी दुपारी घरी नसतो. सकाळी डबा घेऊन निघतो तो रात्रीच परततो, धंदा पुन्हा सुरू झाल्यापासून यात खंड नाही. गेल्या मंगळवारी मात्र एक बॅटरी घरी राहिली होती म्हणून अडीचच्या सुमारास गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत फिनेलचा वास. आमच्याकडे फिनेल वापरत नाहीत. आई चटईवर शांत झोपली होती. उशाशी पाट मांडलेला, कुणी बसायला मांडावा तसा. तिच्या कपाळावर पांढरी भुकटी होती. पाच बोटं, स्वच्छ उमटलेली.

मी हाक मारली. माझ्याच आवाजाची मला भीती वाटली.

तिनं डोळे उघडले नाहीत. कूस बदलून नेहमीच्या मायेनं म्हणाली, "जा आता कामावर, बाबा. रोज रोज किती बसशील?"