पिवळी कड

बाळ सकाळी सहाला गेलं. अकरावा दिवस. वजन बाराशे ग्रॅम. नाव ठेवायचं राहिलंच.

सव्वासहाला बाप हरीओमनं नर्स सरिताला भिंतीशी अडवलं. “हिनंच मारलं! हात न धुता नळी उघडली हिनं!”

जंतू नळीवाटेच रक्तात गेले, असं डॉक्टर म्हणाले. मांडीतून थेट हृदयापर्यंत नेलेली, दोऱ्याएवढी नळी. ती सरिताच्या ताब्यात होती. दुपारी तिची नोकरी जाणार होती.

*अहवाल. रकाना पहिला, कारण:* कोरा.

इन्चार्ज वैजयंतीबाईंनी काढलेली नळी ट्रेमध्ये उलटसुलट पाहिली. नळीवरची आरपार दिसणारी पट्टी. तिच्यावर सरिताच्या अक्षरात ‘मंगळवार’. एक कोपरा सुटून पुन्हा दाबलेला. कडेला पिवळं.

“आयोडीन लावलंस?”

“नाही मॅडम. बाळांना आपण बिनरंगाचंच लावतो.”

“हे पिवळं तुला दिसलं नाही?”

सरिता रडली. “बाळच पिवळं होतं. काविळीच्या निळ्या दिव्याखाली काय दिसणार?”

“दिव्याखालून बाहेर कधी काढायचीस?”

“दुपारी. बाळाच्या आईला, रूपालीताईंना, टाक्यांमुळे उठवत नव्हतं. आजीच्या छातीशी द्यायचो, लुगड्याच्या आत. उबेला. पडदा लावून.”

*रकाना दुसरा, कोणी हात लावला:* पेन थांबलं.

हरीओमची आई, आसेगावची गोजराबाई, बाहेर बाकावर बसली होती. “त्या पोरीले सोडू नका, बाई.”

“आजी, लेकराच्या मांडीले काय होतं?” वैजयंतीबाईंनी तिच्याच बोलीत विचारलं.

“जखम! उघडीच ठेवली होती यायनं. वर नुसतं प्लास्टिक, आरपार.”

“मंग?”

“मंग काय? पदराच्या गाठीत घरची हळद होती. बुधवारी कोपरा उचलून बोटभर लावली, दाबून टाकलं. कोन्या जखमेले आमी हळद लावत नाही...”

वैजयंतीबाईंनी तिचं बोट पाहिलं. नख पिवळं होतं.

हरीओम जवळ आला. “काय झालं, मॅडम?”

“पट्टी बंदच होती. आतली लाली दिसावी म्हणून ती आरपार असते. आजींना ती उघडी जखम वाटली. कोपरा उचलला, तिथून जंतू आत गेले. हळदीतले, बोटावरचे. सरितानं मंगळवारी बदलली, आजींनी बुधवारी उचलली, गुरुवारी ताप.”

“म्हंजे मायनं...?”

“मायेनं केलं. पट्टी कशाची, ते आजींना सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही.”

*रकाना तिसरा, जबाबदार:* वैजयंतीबाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. खाली सही.

गोजराबाई बेसिनपाशी गेली. नळ तिला उघडेना. सरितानं मागून येऊन कोपरानं दांडा ढकलला आणि धरून ठेवला.

म्हातारी नख घासत राहिली. पिवळं जाईना.