जितके आत, तितके बाहेर

लिफ्ट दुरुस्त करणं सोपं असतं, माणसं सांभाळणं महाकठीण, असं फोरमनचं ठाम मत होतं. त्या आठ मजली इमारतीत सकाळपासून लिफ्टचा दोर बदलायचं काम चाललं होतं आणि सोसायटीचा सेक्रेटरी दर दहा मिनिटांनी तळमजल्यावर येऊन विचारत होता, "झालं का हो?" बाराव्या वेळी फोरमनने हात जोडले. "होतंय, होतंय. जीव खाऊ नका."

कामाला चौघंच होते: फोरमन, लंबू, वायरमन आणि काका. चौघांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यावर ना सुविचार, ना फुलांची चित्रं, फक्त दोन शब्द. लिफ्ट ज्या विहिरीतून वरखाली करते त्या शाफ्टमध्ये शिरताना लिहायचं 'आत'. निघालं की 'बाहेर'. जितके 'आत' तितके 'बाहेर' झाल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही. आणि दुसऱ्याचं 'बाहेर' कोणी लिहायचं नाही, काही झालं तरी. ग्रुप नव्हता त्या काळात एकदा फोरमनच घाईघाईत ओरडला होता, "काका आलेत बाहेर!" काका आले नव्हते. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हा गेली. हा कायदा फोरमनने त्याच आठवड्यात केला.

पावणेतीनला काम संपलं. तिघं वर येऊन हात पुसत उभे राहिले, तिघांचे 'बाहेर' पडले. फोरमन दिवसभर स्विचपाशीच होता, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता. त्याने मोजलं. 'बाहेर' तीन होते आणि 'आत' चार.

चौथं 'आत' सकाळी अकराचं होतं. नंबराला नाव नव्हतं, फोटो नव्हता.

"हा कोणाचा नंबर?"

"मला वाटलं, तुम्हीच कोणाला तरी घेतलंय," लंबू म्हणाला.

"मी? तुम्हा तिघांना सांभाळताना माझ्या नाकी नऊ आलेत, चौथा कशाला घेऊ?"

त्याने ग्रुपवर विचारलं, 'कोण आहात? बाहेर आलात का?' लगेच उत्तर आलं. 'नाही.'

मग शोधाशोध सुरू झाली. लंबू वरून खाली आला, वायरमन खालून वर गेला, काकांनी तळाच्या खड्ड्यात उतरून कोपरान्‌कोपरा टॉर्चने पाहिला. ग्रीसचे ओघळ होते, धूळ होती, माणूस नव्हता. पुन्हा तीन 'आत', पुन्हा तीन 'बाहेर'. फोरमनने वैतागून तो नंबर ग्रुपमधून काढून टाकला. मिनिटभरात त्याच नंबरावरून मेसेज आला, 'अजून आतच आहे.' त्याने पुन्हा काढला, तो पुन्हा आला. तिसऱ्यांदाही तेच.

"अरे, काय उच्छाद आहे हा!" फोरमनने मोबाईल आपटायचाच बाकी ठेवला.

तेवढ्यात आठव्या मजल्यावरची बाई धापा टाकत जिना उतरून आली. तिच्या आईचं चार वाजता डायलिसिस होतं. त्या आजींचा खुबा मोडलेला, जिना असा चिंचोळा की स्ट्रेचर वळेना. परवाची खेप लिफ्टपायीच चुकली होती आणि आजची चुकली तर मला विचारू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आईला श्वास लागलाय हो," ती म्हणाली. "काहीतरी करा."

"एका फालतू मेसेजसाठी माणूस मारणार का तुम्ही?" सेक्रेटरी कडाडला.

फोरमनने पुन्हा ग्रुप उघडला. त्याने लिहिलं, 'बाबा रे, असशील तिथून बाहेर ये.'

उत्तर आलं. 'येता येत नाही. माझं बाहेर तुम्ही लिहा ना.'

काकांनी मेसेज वाचला. त्यांनी आपला डावा हात फोरमनपुढे धरला.

"कळतंय, काका. पण तिकडे आजी जातील. आत कोणी नाही, तुम्ही तिघांनीच बघितलंत ना?"

"बघितलं. तरी नका लिहू."

साडेतीन वाजले होते. "घे एकदाचं!" म्हणत फोरमनने लिहिलं, 'बाहेर.' आणि स्विच ओढला.

काही झालं नाही. लिफ्ट लोण्यासारखी वर गेली, आजींना घेऊन खाली आली. अँब्युलन्स फाटकाबाहेर पडली. सेक्रेटरी ऐटीत लिफ्टने वर गेला. फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं त्याला सुटल्यासारखं वाटलं.

मोबाईल वाजला. त्या नंबरावरून आलं होतं, 'बाहेर.'

त्याखाली लगेच दुसरा मेसेज उमटला. तो फोरमनच्याच नावाने होता. 'आत.'

त्याने काहीही लिहिलं नव्हतं. त्याने घाईने टाइप केलं, 'बाहेर.' एकच टिक आली. दुसरी येईना.

"पॉवर बंद करा!" वायरमन किंचाळला. "फोरमन आत आहेत!"

"अरे, मी हा इथे उभा आहे!"

कोणी वळून पाहिलं नाही. काका त्याच्या खांद्याला खेटून पळाले. त्यांनी स्विच पाडला. "त्यांचं 'बाहेर' कोणी लिहू नका रे! त्यांचं त्यांना लिहू द्या!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

लंबूने दार फाकवलं आणि तळाच्या खड्ड्यात टॉर्च मारला.

"आलो, आलो," खालून आवाज आला. "जीव खाऊ नका."

लंबूने हात दिला. वर आलेल्या माणसाच्या अंगात फोरमनचाच निळा शर्ट होता, डोक्यावर फोरमनचंच टक्कल. काकांनी त्याला मिठी मारली. तो माणूस कपडे झटकत हसला, खिशातून मोबाईल काढला आणि त्याने लिहिलं, 'बाहेर.' तिघांचे मोबाईल वाजले.

मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा कोणाचा नंबर?" तो म्हणाला. "सकाळपासून नुसता डोक्याला ताप." त्याने अंगठा दाबला.

फोरमनच्या हातातला मोबाईल थरथरला. 'तुम्हाला या ग्रुपमधून काढलं आहे.'

काकांनी आपल्या आठ बोटांनी दोनदा मोजलं. जितके 'आत' तितके 'बाहेर' होते. त्यांनी निश्चिंत मनाने स्विच ओढला.

नवा दोर ताणला जाताना होतो तो आवाज फोरमनला ऐकू आला. तो त्याच्या डोक्यावरून येत होता.