डोळ्यातली वीस मिनिटं

दार लावून घ्या आधी. आपटतंय म्हणून सांगतोय, घाबरवायला नाही. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसलं, तर मी सरळ झोपायला जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत. ही ऐकीव थाप नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्या माणसाला सासुरवाडीत चहा बेचव झाला तरी खोटं बोलता येत नाही.

साडू बंदरावर भोंगेवाला. वादळाचा इशारा आला की मनोऱ्यावर चढायचं आणि भोंगा द्यायचा. एक लांब म्हणजे घरात बसा. तीन आखूड म्हणजे धोका टळला. तीन वर्षांपूर्वी, मंगळवारी संध्याकाळी सहाला, जनरेटरसाठी डिझेलचा डबा घेऊन तो मनोऱ्यावर गेला. "पाऊण तासात आलोच," असं बायकोला सांगून निघाला होता. तेवढ्यात लाल इशारा आला आणि गडी तिथेच अडकला. घरी बायको, म्हणजे माझी मेव्हणी, आणि सहा वर्षांची पोर. दोघीच.

आता हे नीट ऐका. मोठ्या चक्रीवादळाच्या मधोमध डोळा असतो. तो डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चिटपाखरू हलत नाही. माणसाला वाटतं, सुटलो. सुटलो कसलं! मग उलट्या दिशेनं दुसरा वारा येतो, पहिल्याचा बाप.

साडूच्या आधीचा भोंगेवाला इथेच फसला होता. वारा पडला, तारे दिसले, आणि त्याने तीन आखूड दिले. लोक उडालेले पत्रे गोळा करायला रस्त्यावर आले. त्याने घरी धावत जाऊन स्वतःच्या बायकोपोरांनाही बाहेर काढलं. एकोणीस माणसं गेली त्या रात्री. तोही गेला. तेव्हापासून नियमच झाला, की दुसरा वारा वाहून गेल्याशिवाय तीन आखूड द्यायचे नाहीत, आणि भोंग्याची चावी भोंगेवाल्याने खिशातून काढायची नाही.

तर त्या मंगळवारी रात्री एक वाजून वीस मिनिटांनी वारा पडला. साडूने हवेच्या दाबाचा काटा पाहिला. पार तळाला. "डोळा," तो स्वतःशीच म्हणाला, आणि बिडी पेटवली.

आणि भोंगा वाजला.

एक आखूड.

दोन.

तीन.

साडूने खिसा चाचपला. चावी खिशातच होती. त्याने जनरेटर बंद केला. वायर उपटली. भोंगा पुन्हा वाजला. तीन आखूड. खाली कड्या निघायला लागल्या. कुणीतरी हसलं. कुणीतरी शेजाऱ्याला हाक मारली.

त्याने बायकोला फोन लावला. सिग्नलची एकच दांडी होती, पण लागला.

"अगं, बाहेर पडू नकोस. डोळा आहे हा."



"अहो, असं काय करता? दाराशी तुम्हीच उभे आहात ना?"

"कोण?"

"तुम्ही. आत्ताच म्हणालात, वादळ गेलं, पोरीला घेऊन बाहेर ये. मी कडीला हात घातलाय."

साडूने फोन कानाशी घट्ट दाबला. कारण फोनमधून, दाराच्या पलीकडून, त्याला आवाज ऐकू आला. त्याचा स्वतःचा. लाडीगोडीचा.

"ये ना... पोरीला आण... किती वेळ उभा ठेवतेस..."

"उघडू नकोस!"

"तुम्ही कुठे आहात नक्की?" मेव्हणी रडायला लागली. "मी कुणाचं खरं मानू हो?"

माझा साडू तसा मंद. पण त्या वेळी त्याचं डोकं चाललं.

"ऐक. मी आता हाताने फिरवायचा भोंगा वाजवतो. लांब. दोन्ही हात लागतात त्याला. तो वाजत असताना दाराशी जो बोलेल, तो मी नाही."

फोन टाकला आणि भोंग्याची मूठ धरली. फिरवली. एक लांब. खाली लोक थबकले. पहिले शिव्याच घातल्या त्यांनी. मग एकेक दार लागलं. साडू फिरवत राहिला. खांदे भरून आले. तळहात सोलले. घर तीन गल्ल्या पलीकडे. धावत गेला असता तर पोचलाही असता. पण मूठ सोडली, की भोंगा थांबणार. भोंगा थांबला, की ती कडी काढणार...

त्याने सोडली नाही.

मग दुसरा वारा आला. पश्चिमेकडून. त्यानंतर त्याला काहीच ऐकू आलं नाही. भोंगाही नाही.

पहाटे पाचला तो घरी धावला. मागच्या खिडकीतून हाका मारल्या. तरी मेव्हणीने पोरीला त्याचं तोंड बघायला लावलं, तेव्हा कुठे मागचं दार उघडलं. दोघी धडधाकट. तिघंही मनमोकळं रडली. भोंगा वाजत होता तोवर बाहेरचा बोलतच होता, मेव्हणी म्हणाली. आधी लाडाने. मग रागाने. मग नुसताच श्वास.

उजाडल्यावर साडू घराच्या पुढच्या बाजूला गेला.

पुढचं दार पश्चिमेला. दुसरा वारा दोन तास थेट त्यावर आदळला होता. भिंत, दार, चौकट, सगळीकडे चिखल आणि पाल्याचा चुरा बोटभर जाड थापला गेला होता.

दाराच्या मधोमध तेवढी जागा कोरी होती. माणसाएवढी. डोकं, खांदे, दोन पाय. आणि कडीच्या उंचीवर दोन पंजे, बोटं पसरलेली.

त्या दोन तासांत तो जागचा हललाच नव्हता.