किल्लीवाल्यांच्या घरातली बाई

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत, आणि तेही भरदुपारी.

मावशी प्रवासावर लिहायची. गाव बघायचं तर तिथल्या माणसांच्या घरात बसावं, असं तिचं म्हणणं.

अशीच ती एका गावात किल्लीवाल्यांकडे बसली. पुढे दुकान, मागे एक खोली आणि स्वयंपाकघर. दोन तास ते कानशीने किल्ल्या घासत बोलत राहिले. मावशीने वही भरली. लेख छापून आला.

महिन्याभराने त्यांचा फोन आला.

"ताई, तुम्ही लिहिलंय... आतल्या दारात माझी बायको उभी होती म्हणून."

"हो. काही चुकलं का?"

"तिला जाऊन अकरा वर्षं झाली."

दुसऱ्याच दिवशी ती तिकडे पोचली.

दुकान बंद. किल्लीवाले मागच्या खोलीत बसून होते. दाढी वाढलेली, शेजारी झाकलेलं ताट तसंच. ते रागावले असतील असं तिला वाटलं होतं. पण राग कसला...

"कशी दिसत होती? खंगलेली नव्हती ना?"

"नाही हो. चांगल्या होत्या."

"मला एकदाही दिसली नाही, ताई. रोज त्या दाराकडे तोंड करून झोपतो मी." मग हळूच विचारलं, "काही बोलली?"

बोलली होती. तेवढं मावशीला पक्कं आठवत होतं. पण काय, ते नाही. घरातल्या बाईचं काय टिपायचं, म्हणून तिने वहीत घेतलंच नव्हतं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा पार उतरला.

आणि तेवढ्यात... आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

मग पावलं... दारापाशी येऊन थांबली.

दारात कुणीच नव्हतं.

किल्लीवाल्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ते मावशीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आली?"

तिने मान डोलावली.

"काय म्हणते?"

दाराआडून कुजबुज येत होती... मावशीने जिवाचा कान केला. एक शब्द लागेना. आणि समोर हा माणूस, डोळ्यांत प्राण आणून बसलेला.

"दोन घास खाऊन घ्या म्हणतात."

ते रडता रडता हसले. "तीच ती. जन्मभर हेच सांगत आली." उठले, आणि ताट घेऊन जेवायला बसले.

कुजबुज थांबली... अर्ध्या शब्दावर.

किल्लीवाले त्यानंतर सावरले. दुकानही उघडलं. मावशीने मात्र पुन्हा ओळ लिहिली नाही.

मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "त्या बाईला काहीतरी वेगळंच सांगायचं होतं रे. पहिल्यांदा मी ऐकलं नाही. आणि दुसऱ्यांदा... मीच बोलले."