कानात सांगायची मात

भागीरथेनं रूपरावाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि ते नेमकं तिच्या बाबांच्या पटावर पडत होतं.

श्रावणातली सर होती ती. आली तशी निघून जाणारी, पण तेवढ्यात माणसाला पार भिजवून टाकणारी. नालवाडीच्या रस्त्यावरून सायकलनं जाणारा हा पोरगा आडोसा म्हणून बाबारावांच्या तेलघाणीच्या पडवीत शिरला. समोर चार माणसं बुद्धिबळाच्या पटाभोवती माना खाली घालून बसलेली. खेळत कोणीच नव्हतं, नुसते बघत होते. यानंही वाकून बघितलं, आणि याला राहवेना.

"हे तं दोन चालीत मात हाये!" असं म्हणून त्यानं सरळ वजीर उचलला आणि पुढच्या घरात ठेवला.

बाबारावांच्या हातातली विडी हातातच राहिली. तानबा शिंप्यानं चष्मा काढून या ओल्या पाहुण्याकडे पाहिलं. आणि घराच्या उंबऱ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली त्यांची लेक भागीरथा... ती गप्प बसली असती तर बरं झालं असतं, पण बसली नाही.

"कायची मात!" ती तिथूनच म्हणाली. "राजाले अजून शह लागला नाई. त्याची उडी राह्यली की हो!"

आपल्या देशी खेळात राजाला एक सवलत असते. जोवर त्याला शह लागत नाही, तोवर एकदाच, फक्त एकदाच, त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. रूपरावानं पटाकडे पाहिलं. राजा खरंच उडी मारून मोकळा होत होता. मग त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आता दोघांलेही दंड," तानबा म्हणाला. "यानं मोहऱ्याले हात लावला, अन् हिनं मोठ्यानं सांगितलं."

बाबारावांच्या पडवीचा तो कायदाच होता. रविवारी घाणी बंद, बैल सुटा. दुपारी एकानं पटावर मातेचा डाव मांडायचा आणि बाकीच्यांनी नुसतं बघून मात शोधायची. मोहऱ्याला बोट लावायचं नाही, उत्तर बोलून दाखवायचं नाही. ज्याला सुटलं त्यानं मांडणाऱ्याच्या कानात सांगायचं, म्हणजे बाकीच्यांची मजा जात नाही. मांडणारा 'बरोबर' म्हणाला की खुशाल सुपारी कातरत बसावं, 'चूक' म्हणाला की पुन्हा डोकं खाजवावं. आणि कायदा मोडला की दंड एकच, घाणीसाठीच्या शेंगा फोडायच्या.

म्हणून मग पाऊस थांबला तरी रूपराव गेला नाही. सुपाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला भागीरथा.

"तुमच्या गावात राजाले उडी नसते काय?" तिनं खाली बघतच विचारलं.

"असते ना... आमी आर्वीकडचे. पण आजकाल मी पेपरातले इंग्रजी डाव सोडवतो. तिकडच्या राजाले उडी नाई."

"मंग तो काय करते?"

"किल्ल्यात जाऊन बसते."

"भेकड हाये बाप्पा!"

रूपराव इतका मनापासून हसला की तोंडातला शेंगदाणा ठसक्यानं बाहेर आला. भागीरथेनं पाण्याचा गडवा पुढे केला आणि पदर तोंडाला लावला. हसू मात्र पदराच्या वरून, डोळ्यांतून दिसतच होतं.

तो नवा ग्रामसेवक होता. वर्ध्याला खोली घेऊन राहायचा आणि बियाणं, खत, कंपोस्टचे खड्डे सांगत गावोगाव सायकल दामटायचा. पण रविवार आला की सायकल आपसूक नालवाडीकडे वळायची. पोळ्याला तर बाबारावांनी त्याला जेवायलाच ठेवून घेतलं. त्या दिवशी भागीरथेनं त्याच्या पुरणपोळीवर इतकं तूप वाढलं की ते ताटातून पाटावर आलं. तिची आई रुख्माबाई बघत होती. तिनं एकदा लेकीकडे पाहिलं आणि फडक्यानं पाट पुसला.

पोळा झाला आणि रूपराव स्वतः डाव मांडू लागला. इथेच पंचाईत झाली.

आजवर मांडणारे असायचे बाबा, नाहीतर तानबाकाका. भागीरथेला त्यांनी कडेवर खेळवलेलं, त्यांच्या कानाशी लागायला तिला कसली लाज! पण रूपरावाच्या कानाशी? वर्ध्याच्या बाजारात दुसऱ्या दिवशी भाजीआधी तीच गोष्ट विकली गेली असती. मग तोड निघाली. भागीरथा बाबांच्या कानात सांगायची आणि बाबा जाऊन रूपरावाच्या.

"हत्तीचा शह, राजा कोपऱ्यात, मंग घोडा," ती सांगायची. बाबाराव उठून चार पावलं जाईपर्यंत हत्तीचा उंट झालेला असायचा.

"चूक," रूपराव गंभीरपणे म्हणायचा. आणि तिच्याकडे बघून डोळ्यांनी विचारायचा, खरंच असं सांगितलं तुम्ही?

ती तिकडून मान हलवायची... नाही.

हळूहळू तिच्या लक्षात आलं, की याचे डाव लांबत चालले आहेत. दोन चालींचे तीन झाले, तिनाचे चार. बाबांच्या डोक्यात मावणार नाहीत इतके लांब. एकदा पाणी द्यायला गेली तेव्हा तिनं हळूच विचारलंच.

"इतले लांब डाव काऊन मांडून राह्यले तुम्ही?"

"बाबा थकले पाह्यजेत म्हणून," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. तिचेही झाले असणार, पण स्वतःचे कान कोणाला दिसतात? त्या आठवड्यात ती दोनदा दुधाला विरजण लावायचं विसरली, आणि दोन्ही वेळा मांजराला बोल लावला.

आणि अशात कारंज्याचं स्थळ आलं. गाव कारंजा घाडगे, मोठ्या रस्त्यावर घर, संत्र्याचा बगीचा. दसऱ्यानंतर पाहुणे बघायला येणार. मुलीला विचारायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि बाबांसमोर तिची जीभ उचलत नव्हती. रूपरावाला हे तानबानं सांगितलं तेव्हा तो नुसता "चांगलं हाये" म्हणाला आणि सायकलची चेन बघत बसला. चेन तर ठीक होती. दारामागून बघणाऱ्या भागीरथेला वाटलं, जाऊन याच्या हातातली सायकल हिसकावून घ्यावी. सगळं सुचतं याला, एक तोंडानं बोलायचं तेवढं सुचत नाही!

दसऱ्याआधीचा रविवार. रूपरावानं डाव मांडला, प्यादेमात. सगळ्यांत मानाची मात, शेवटचा घाव साध्या प्याद्यानं घालायची. कोणाचंच डोकं चालेना. भागीरथा मात्र बघत राहिली, आणि तिला ते दिसलं. आधी हत्ती मारू द्यायचा, शह देऊन राजाची उडी मोडायची, मग घोड्यानं कोंडायचा, वजीरही देऊन टाकायचा आणि शेवटी प्यादं.

तिनं बाबांच्या कानात सांगितलं. बाबा गेले. "चूक." बाबा परत आले, पुन्हा ऐकलं, बोटांवर मोजत गेले. "चूक."

बाबाराव वैतागले. "मी काय पोस्टमन हाओ काय? जाय वं, तूच सांग त्याच्या कानात! सगळे बसले हायेत इथं, कोण खाऊन राह्यलं तुले!"

भागीरथा उठली. तिच्या जागेपासून त्या पटापर्यंत कितीसं अंतर, पण ती मोजून पावलं टाकत गेली. त्याच्या उजव्या कानाशी वाकली. त्याच्या केसांना तिळाच्या तेलाचा वास होता, त्यांच्याच घाणीतल्या. तिनं सगळ्या चाली सांगितल्या, एकही न चुकता. आणि मग, त्याच सुरात, न थांबता ती म्हणाली, "कारंज्याच्या पाव्हण्यायले मी चहा घेऊन जाणार नाई. तुमच्या मनात असंन तं आज बाबाले इचारा. नसंन तं पुढच्या रविवारी येऊ नका."

आणि परत जागेवर येऊन बसली. तिनं दोन्ही हात सुपात खुपसले.

रूपरावानं पटावरचं प्यादं उगीच सरळ केलं.

"अहो, बरोबर का चूक?" तानबानं विचारलं.

"बरोबर..." तो म्हणाला. "एकदम बरोबर."

मग तो उठला. बाबारावांजवळ जाऊन गुडघ्यावर बसला आणि पडवीच्या कायद्याप्रमाणे त्यांच्या कानात सांगू लागला. बराच वेळ सांगत होता, मध्येच अडखळत होता. तानबाला वाटलं, केवढी लांब मात आहे ही! बाबाराव ऐकत राहिले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक सुपातल्या टरफलांकडे बघत होती, आणि एक थेंब त्या टरफलांवर पडला. पाऊस तर केव्हाच संपला होता.

बाबाराव उठले, आत गेले, चुलीपुढे बसलेल्या रुख्माबाईच्या कानाशी लागले. ती बिचारी या खेळातलं प्यादंही ओळखत नव्हती, आणि खेळाचा कायदाही तिला ठाऊक नव्हता. तिचा आवाज थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

"अहो, हे काय कानात सांगता! हे तं मले पोळ्यापासून मालूम हाये! त्याची माय आर्वीची, सासुरवास करणारी नाई, मी बांगडीवालीकडून सगळं इचारून ठेवलं. कारंज्याले नाई म्हणून कळवा!"

तानबा कपाळावर हात मारून हसला. "घ्या! सगळ्यांत आधी बाईलेच सुटलं!"

ती पडवी आता नाही, घाणीही नाही. पट मात्र आहे, एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी सुपारी. रूपराव म्हातारे झाले, आणि त्यांचा नेमका तोच उजवा कान गेला. तरी रविवारी दुपारी ते डाव मांडतात, आणि भागीरथाबाई त्याच कानाशी वाकून उत्तर सांगते. कधी चाली सांगते, कधी भलतंच काहीतरी, जे मोठ्यानं बोलायला तिला या वयातही लाज वाटते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नाही.

"बरोबर," ते म्हणतात. "एकदम बरोबर."